मोजा, चष्मा, सातवा मजला

रविवारी सकाळी दहा वाजता सोनूबाई घरात बसलेली आहे, हे वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. रविवार म्हणजे नीलांबर सोसायटीचा वार. या वेळेला ती बी विंगच्या चौथ्या मजल्यावर असायची. मासळीची पाटी जिन्यात टेकवलेली, कोयता चालू, आणि समोरासमोरच्या दोन दारांतल्या बायकांशी एकाच वेळी दोन वेगळ्या विषयांवर बोलणं चाललेलं. आज मात्र ती आपल्याच पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि समोर घरचेच लोक पंचायत भरवून बसले होते.

पंचायत थोरल्याने, कृणालने बोलावली होती. विमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता आणि सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचाच शर्ट घालायचा. शेजारी त्याची बायको हेमांगी, हातात घडी न झालेले कपडे, म्हणजे निम्मं लक्ष बैठकीत आणि निम्मं टॉवेलांत. धाकटा हितेश काल संध्याकाळीच बोट घेऊन परतला होता. छत्तीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं, कारण मुलींना मासळी चालायची आणि मासळी पकडणारा चालायचा नाही. मधली कल्पिता मढला दिलेली. ती सकाळच्या फेरीबोटीने आली होती आणि आल्या आल्या तिने चहात साखर कमी आहे हे सांगून टाकलं होतं.

सगळ्यांच्या मधोमध टीपॉयवर आरोपी उभा होता. जांभळ्या कव्हरातला, ताटाएवढा, कोरा करकरीत टॅब.

"आये, स्पष्ट बोलतो," कृणाल म्हणाला. "आता बास झालं. सदुसष्ट वर्षं वय. महिन्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन. आणि परवा एक साधा वॉचमन तुला गेटवर अडवतो, चार लोकांसमोर? मला नाही चालणार हे. तुझा नंबर बंद करू. सगळ्यांना एक मेसेज टाकू, सोनूबाईंनी धंदा थांबवला आहे, इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल धन्यवाद. विषय संपला."

"कोनी ठरवला?" सोनूबाईने विचारलं.

"ठरवायला तर बसलोय."

"मग संपला कसा?"

हितेश हसला आणि कृणालने बघितल्यावर खोकला काढला.

कृणाल वाईट मुलगा नव्हता, उलट जरा जास्तच चांगला होता. चांगुलपणाच्या भरात न विचारता कामं करून टाकायची त्याला खोड होती. डॉक्टर म्हणाले, आजींना बारीक बघायला लावू नका. त्याने लगेच टॅब आणला, अक्षरं मोठी दिसावीत म्हणून. सोनूबाई शाळेची पायरीही चढली नव्हती. तिला आकडे वाचता यायचे, पण अक्षर हत्तीएवढं केलं तरी तिच्यासाठी ते हत्तीच राहणार होतं. हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पोराने हौसेने आणलेल्या वस्तूला नाक मुरडू नये, एवढं शहाणपण तिच्याजवळ होतं.

बुधवारी त्याने ऑफिसात रजा टाकली, दिवसभर बसून जुन्या फोनमधलं सगळं टॅबमध्ये आणलं, आणि जुना फोन दुकानात देऊन टाकला. गुरुवारी घोटाळा झाला. शुक्रवारी सोनूबाईला नीलांबरच्या गेटवर अडवलं. तिच्या एकूण दोनशे तेरा घरांपैकी नव्वद घरं त्या एका गेटाच्या आत होती.

घोटाळा असा की सी विंगमधल्या मालनताईंची सासू गेली होती. सोनूबाई स्वतः जाऊन भेटून आली होती, पाटी खाली वॉचमनजवळ ठेवून, कपाळ टेकून. आणि गुरुवारी, सहाव्या दिवशी, घर गावच्या नातेवाइकांनी भरलेलं असताना, त्याच मालनताईंच्या फोनवर तिच्या खणखणीत आवाजातला मेसेज गेला, "अगो ताई, आज गाभोलीची घोल आयलीय, नाचतच ये खाली!" कुणीतरी पोराने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाजवला. मालनताईंचे यजमान श्यामकांत हे सोसायटीचे सेक्रेटरी. पुढचं सांगायलाच नको.

"नंबर बंद कशाला करायचा?" कल्पिता उसळली. "दादा, तुला काय कळतंय त्यातलं? दोनशे घरं हायत. मना दे नंबर. मी फेरीनं येईन रोज. मढला बसून मी तरी काय करते, बाजारात चौघींच्या मधे कोपऱ्यात जागा!"

"रीत सुनेची हाय, कल्पे," हितेश म्हणाला. "आजीची घरं आयेला आली, आजीला तिच्या सासूकडनं. पाटी सुनेच्या डोक्यावर जाते. मुलीच्या नाय."

"सुनेच्या!" कल्पिताने हात असा फिरवला की तो हेमांगीच्या टॉवेलांवरून गेला. "सून मालाडला दातांच्या दवाखान्यात बसते, एसीमधे. ती पाटी उचलनार? वयनी, राग नको मानू, पन खरं ते खरं."

हेमांगीने राग मानला की नाही ते कळलं नाही. तिने टॉवेलाची घडी घातली आणि दुसरा उचलला. चेंबूरहून लग्न होऊन आली त्याला सतरा वर्षं झाली होती. सासरचे भांडू लागले की मूग गिळून बसायचं, ही तिची पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

"तसं बघितलं तर," हितेशने विचार करत हनुवटी खाजवली, "आयेनं थांबवलं तर माझ्या बोटीचा चांगला माल जाणार कुठं? व्यापाऱ्याकडं. तो पापलेटाला पन नाक मुरडतो. त्यापेक्षा कल्पीला देऊया ना. रीत काय, मान्सानं केलेली."

"आत्ता दोन मिनिटांपूर्वी रीत सांगत होतास!" कृणाल म्हणाला.

"आता इचार केला ना."

असा सामना एक विरुद्ध एकवरून एक विरुद्ध दोनवर गेला. कृणालचा आवाज चढला, कल्पिताचा आधीच चढलेला होता. कुणी म्हणालं आयेला आरामाची गरज आहे, कुणी म्हणालं आराम म्हणजे काय, भिंतीकडे बघत बसायचं का. सोनूबाई ऐकत होती. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस खोलीत आहे, हे विसरायला घरच्यांना फार वेळ लागत नाही.

ती स्वतः नवी सून असताना सासूने तिला एक अख्खं वर्ष नुसतं मागून चालवलं होतं. बघ, बोलू नको. कुठल्या दारात जोरात हाक मारायची, कुठल्या दारात बेलही वाजवायची नाही. कोण सुरमई म्हणत राहील आणि शेवटी मांदेलीच घेईल. ते वर्ष संपलं तेव्हा चाळीस घरं तिच्या डोक्यात बसली होती. त्या चाळिसाची दोनशे तेरा तिने केली होती, दोन पायांनी, आणि अलीकडे एका बोटाने. फोन आल्यापासून सकाळी जेट्टीवर माल बघितला की फोटो काढायचा, ज्याला हवा त्यालाच पाठवायचा, आणि दोन वाक्यं बोलून सोडायची. ती पाटी भरायच्या आतच निम्मी विकलेली असायची. कोळीवाड्यातल्या शिकलेल्या पोरींना जे जमत नव्हतं ते ती अंगठ्याचा ठसा न लावता करत होती, आणि त्याचा तिला भरपूर अभिमान होता. का नसावा?

"झाला तुमचा?" तिने विचारलं.

तिघे थांबले.

"आता मना एक सांग, कृणाल. माजी चित्रं कुठं गेली?"

"कसली चित्रं?"

"फोनातली. मान्सांच्या नावाच्या जागेवरची."

कृणालच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू काहीतरी उमटू लागलं. "ते इमोजी? मासा, मोजा, कुत्रा, असं काय काय होतं ते?"

"तेच."

"आये, मला वाटलं तुझं बोट लागून आलंय ते सगळं. कचरा वाटला. मी एकेक पुसून तिथे नावं टाकली. नीट, इंग्रजीत. प्रत्येकाचं व्हॉट्सअॅपवर जे नाव होतं ते बघून. दोनशे तेरा नावं टाकली मी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जेवायलासुद्धा उठलो नाही!"

हितेशने डोक्याला हात लावला.

"बुधवारी तुला इचारलं ना मी," सोनूबाई म्हणाली, "सगली नावं आली काय म्हणून. तू म्हणालास, सगळी आली, नीट करून. मी बघते तर एक चित्र नाय. मना वाटलं डोला गेला. ऑपरेशन फुकट गेलं, चित्रं हायत पन मना दिसत नायत." तिने पदराने नाक पुसलं. "दोन दिवस मी घाबरून होते रं. कुनाला बोलले नाय. एकेक डोला झाकून बघत होते."

कल्पिताने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मग लोकांचे स्वतःचे फोटो असतात त्यावर काम चालवला. दोघींनी लावलाय तोच गुलाब. दहाव्या मजल्यावरची समजून दाबला, तर तो मालनताईचा निघाला. तिच्या नावापुढं मी दिवा लावून ठेवला व्हता. दिवा म्हंजे त्या घरात दुख्ख हाय, मासलीचं नाव काढायचं नाय. दिवाच पुसला तर मना दिसनार काय?"

"आये..." कृणाल म्हणाला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, हे त्याच्या बाबतीत नेहमीचं होतं, पण एवढं भलतं कधी झालं नव्हतं.

"जुन्या फोनमधे असेल ना अजून," हितेश म्हणाला. "दुकानात जाऊन सांगू."

"तो मी पुसूनच दिला. आयेचं मेल अकाउंटच नव्हतं, सगळं फोनच्या आतच सेव्ह होतं. आता कुठेच नाही ते." कृणालने टॅब उचलला आणि परत ठेवला. "म्हणूनच म्हणतो, बंद करू. दोनशे तेरा घरांची चित्रं आता कोण आठवणार? एवढं सोपं आहे का ते?"

"सातव्या मजल्यावरच्या इरावतीबाई," हेमांगी म्हणाली, "मोजा, चष्मा, सात."

सगळ्यांनी वळून बघितलं. ती अजून टॉवेलाचीच घडी घालत होती.

"मोजा म्हणजे बोंबील. दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबतो म्हणून. चष्मा म्हणजे त्यांना कमी दिसतं, काटा काढून द्यायचा. सात म्हणजे मजला. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर खेकडा आणि कुत्रा, म्हणजे चिंबोऱ्या घेतात आणि दार उघडायच्या आधी कुत्रा बांधायला सांगायचं. देऊळ असेल तर गुरुवार पाळतात. अंगठी म्हणजे मांदेली, सोन्यासारखी चमकते म्हणून. रागावलेलं तोंड म्हणजे घासाघीस करणार, भाव आधीच वाढवून सांगायचा."

सोनूबाईने सुनेकडे असं बघितलं की जणू ती आज पहिल्यांदाच घरात आली होती. "तुला कोनी शिकवला?"

"रोज रात्री तुमचा फोन चार्जिंगला मीच लावायचे ना, आई. दोन वर्षं. बघून बघून कळलं. एकदा तुम्ही फोनवर इरावतीबाईंशी बोलत होता आणि समोर मोजा होता. मग पुढचं जुळवत गेले. सगळी नाही येत. साठ-सत्तर येतील."

"आणि तू गप बसलीस, वयनी?" कल्पिता म्हणाली.

"मला कुणी विचारलं का?" हेमांगीने घडी मांडीवर आपटली. सतरा वर्षांत तिचा आवाज या खोलीत एवढा मोठा कधी झाला नव्हता. "तुम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. चेंबूरची, दवाखान्यातली, हिला मासळीचा वास येतो. माझी आजी ट्रॉम्बेच्या जेट्टीवर बसायची, ताई. बापाने नोकरी धरली म्हणून काय रक्त बदललं? आणि तुम्ही," ती कृणालकडे वळली, "बुधवारी मला एक फोन करून विचारलं असतं तर? मी कामावरून येते तर जुना फोन दुकानात!"

कृणालने टॅब उलटा करून ठेवला.

कल्पिताने जागा बदलली. ती हितेशच्या शेजारून उठली आणि हेमांगीच्या शेजारी जाऊन बसली, आणि एक टॉवेल ओढून घेऊन घडी घालू लागली. माफी मागायची तिच्याकडे एवढीच पद्धत होती, आणि हेमांगीला ती समजली.

"मालनताईला लाव," सोनूबाई कृणालला म्हणाली.

"आत्ता? आये, सुतक चालू आहे त्यांचं. मी श्यामकांतांना उद्या भेटून रीतसर समजावतो. चूक माझी आहे, मी सांगेन ना."

"लाव. आवाज मोठा ठेव. माजा कानपन आता टॅबएवढा पायजे."

फोन श्यामकांतांनीच उचलला. "हॅलो" एवढ्या कोरड्या आवाजात म्हणाले की कृणाल खुर्चीवर सरळ झाला. "सर, नमस्कार, मी कृणाल, सोनूबाईंचा मुलगा. गुरुवारी जे झालं त्याचं कारण असं की मी..."

सोनूबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सेहेचाळीस वर्षांच्या, हेडक्लार्क झालेल्या माणसाच्या तोंडावर, लहानपणी ठेवायची तसाच.

"साहेब, मी सोनूबाई. चूक माजी हाय. बगून पाठवायला पायजे व्हतं, मी नाय बगितलं. बावीस वर्सं तुमच्या आईला मी मासली दिली. तिच्या दुख्खात मी नाचायचं बोलले. ती लाज मी मरेपर्यंत इसरनार नाय."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"गेटाचं तुमी काय ते ठरवा. आत नाय सोडला तर मी बाहेर फुटपाथवर बसेन, तो काय सोसायटीचा नाय. ज्याला मासली पायजे तो खाली येईल. त्याची मना चिंता नाय. पन तुमच्या आईच्या फोटोसमोर मना एकदा उभं र्‍हायचं हाय. पाटी न घेता. तेवढ्यापुरता सोडा."

"तेरावं गुरुवारी आहे," श्यामकांत म्हणाले. आवाज अजून कोरडाच होता, पण आता त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. "शुक्रवारी या. गेटवर सांगून ठेवतो."

"येते."

"द्या इकडे," असं मागून ऐकू आलं आणि फोन दुसऱ्या हातात गेला. "सोनूबाई, मालन बोलते. शुक्रवारी तशाच या, आणि पुढच्या रविवारी पाटी घेऊन या. हे बोलायचे नाहीत, म्हणून मी बोलते. मला खरं सांगू? त्या दिवशी तुमचा आवाज लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई असत्या तर खरंच उठून खाली गेल्या असत्या हो."

सोनूबाईने मान हलवली. पलीकडे ते दिसत नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. कृणालने फोन बंद केला.

"माझं नाव का नाही घेतलंस?" त्याने विचारलं. "केलं मीच ना सगळं."

"गिऱ्हाईक माजं. चूक पन माजी. घरातली गोष्ट घरात." सोनूबाईने पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. याचा अर्थ आता तिचं ऐकायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "आता माजं ठरलेलं सांगते. नंबर चालू र्‍हाईल. मी हाय तोवर माज्याकडं र्‍हाईल. कल्पे, यारी रोडची चाळीस घरं तू बग, तुला फेरी उतरल्या उतरल्या पडतात."

"आणि रीत?" कल्पिताने विश्वास न बसून विचारलं.

"रीत माज्या सासूची व्हती. तिच्याकडं फोन नव्हता. हेमांगी, तू दर रविवारी नीलांबरला माज्या मागून चालायचं. एक वर्स. बगायचं, बोलायचं नाय."

"बोलायचं नाही, ते मला येतंच," हेमांगी म्हणाली, आणि कल्पिताने तिला कोपर मारलं.

"आन् तू," सोनूबाईने टॅब कृणालपुढे सरकवला. "तू पुसलीस, तूच भरायची. दोनशे तेरा. आज."

कृणालने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सांग," तो म्हणाला.

मग जे सुरू झालं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं आणि जेवण मांडीवर घेऊन पुढेही चाललं. नाव वाचता येत नव्हतं तिथे सोनूबाई त्या माणसाचा जुना बोललेला मेसेज लावायला सांगायची. दोन शब्द ऐकले की हात वर करायची. बी विंग, पाचवा, हलवा. दोन बोटं वर. दोन मुलं, दोन्ही कोळंबीच खातात. एकाने व्हॉट्सअॅपवर स्वतःचं नाव "देवाक काळजी" असं ठेवलं होतं आणि कृणालने तेच इमानदारीने इंग्रजीत टाइप केलं होतं. त्यावर हितेश इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. सुरमईला कुठलं चित्र होतं यावरून सोनूबाई आणि हेमांगीचं वाजलं. सोनूबाई म्हणाली तलवार, हेमांगी म्हणाली विमान. मग तलवार दुसऱ्या माशाची, हे म्हातारीला आठवलं. विमानच होतं. सोनूबाईने हार मानली आणि सुनेच्या पानात भाजलेला बोंबील जास्तीचा टाकला.

कृणालचं बोट चालत होतं आणि तोंड बंद होतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो याच घरातून बाहेर पडत होता. आई म्हणजे पाटी, वास आणि मोठा आवाज, असंच त्याच्या डोक्यात होतं. आता एकामागून एक घरं उघडत होती. कुणाची सून माहेरी निघून गेली आहे, तिथे तिचं नाव काढायचं नाही. कुणाला साखर आहे, तो लपून तळलेलं मागतो, त्याला द्यायचं नाही. कुणी एकटा राहतो, त्याला अर्धंच पापलेट कापून द्यायचं आणि पाच मिनिटं जास्त उभं राहायचं. त्याच्या ऑफिसात ग्राहकांची माहिती ठेवायला अख्खं खातं होतं, आणि त्या खात्याला यातलं अर्धंही माहीत नसतं.

तीन वाजता यादीत घरची माणसं आली. हितेश, होडी. कल्पिता, उघडं तोंड. ("बघून घेईन," कल्पिता म्हणाली.) हेमांगी, चहाचा कप, कारण सून म्हणून आली त्या पहिल्या दिवशी तिनेच दिला होता.

कृणालचं बोट थांबलं.

"आणि मी?" तो म्हणाला. विचारलं साधंच, पण त्याने वर बघितलं नाही. "बुधवारी यादीत माझा नंबर नव्हताच, आये. वरून खाली दोनदा बघितलं. दोनशे घरं होती, गेटवरचा वॉचमन होता, बर्फवाला होता. मी नव्हतो. मग मीच टाकला माझा."

कल्पिता आणि हेमांगीने एकमेकींकडे बघितलं. हितेश ताटातल्या काट्यांकडे बघू लागला.

"नव्हताच," सोनूबाई म्हणाली. "कशाला ठेवू? पाठ हाय ना तो."

"पाठ?"

"तू पयला फोन घेतलास तवा आपल्या घरात फोन कुठं व्हता? जेट्टीजवलच्या बूथवरनं लावायची. तू कागदावर लिवून दिलास, तो माज्या ओल्या हातात दोन दिवसांत इरला. परत मागायची लाज वाटली. म्हणून दुसऱ्यांदा दिलास तवा पाठ केला. एकेक पायरी चढायची आन् एकेक आकडा बोलायची. चार मजले चढले की सात-आठ वेला व्हायचा." आणि तिने तो म्हणून दाखवला, दहाच्या दहा आकडे, मंत्रासारखे, एका दमात, कुठेही न अडखळता. "यादीत कोन घालतात रं? जी मान्सं इसरायला व्हतात ती."

कृणालने यादी खाली सरकवली. आपलं नाव त्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पुढे ऑफिस असं लिहून, स्वतःच्या हाताने घातलं होतं. ते त्याने शोधलं, त्यावर बोट दाबून धरलं, आणि पुसून टाकलं.

मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, इस्त्री मोडली तरी.

"पुढचं सांग," तो म्हणाला. "सी विंग, आठवा मजला. कोण राहतं?"